सरणी-मर्यादा संरक्षण, बिनतारी चालकांतील

सी या संगणक भाषेत लिहिलेल्या बिनतारी चालक आज्ञावलींमध्ये, सरणीसाठी राखून ठेवलेल्या स्मृतीच्या बाहेर वाचन किंवा लेखन होऊ नये म्हणून जी योजना केली जाते, तिला सरणी-मर्यादा संरक्षण म्हणता येईल. एकाच प्रकारची अनेक मूल्ये स्मृतीत एकापुढे एक ठेवली, की त्या रचनेला सरणी म्हणतात. तीतील प्रत्येक मूल्याला पद व पदाच्या क्रमांकाला निर्देशांक अशी संज्ञा आहे. संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या परिचालन प्रणालीला एखादे विशिष्ट यंत्र हाताळता यावे म्हणून लिहिलेली आज्ञावली म्हणजे चालक (ड्रायव्हर) होय. वाय-फाय संचाचा चालक हवेतून आलेली माहिती थेट हाताळतो आणि परिचालन प्रणालीच्या सर्वाधिकारी भागात, म्हणजे गाभ्यात (कर्नेलमध्ये) काम करतो. त्यामुळे त्यातील सरणीच्या मर्यादेची एखादी लहानशी चूकही संपूर्ण यंत्र परक्याच्या हाती जाण्यास पुरेशी ठरू शकते. या विषयाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे : सी भाषेत सरणी आपली लांबी स्वतःबरोबर बाळगत नाही. लांबी कोठेतरी वेगळी नोंदलेली असते आणि तिची आठवण ठेवण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर पडते.

सी भाषा व सरणी : सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७०–८० या दशकाच्या आरंभी युनिक्स या परिचालन प्रणालीसाठी तयार केली. थोड्या स्मृतीच्या यंत्रावर जलद चालणारी व यंत्राच्या जवळची भाषा हवी, ही त्या वेळची गरज होती. या भाषेत सरणीचे नाव बहुतेक ठिकाणी तिच्या पहिल्या पदाचा पत्ता म्हणूनच वावरते; अशा पत्त्याला दर्शक (पॉइंटर) म्हणतात. सरणीचे सातवे पद मागणे म्हणजे पहिल्या पदाच्या पत्त्यात सहा पदांइतके अंतर मिळवून तेथील मूल्य घेणे. (निर्देशांक शून्यापासून सुरू होत असल्याने सातव्या पदाचा निर्देशांक ६ असतो.) हा पत्ता सरणीच्या आत आहे की बाहेर, याची तपासणी भाषा करीत नाही. सरणी ३२ बाइटांची असेल, तर ० ते ३१ हे निर्देशांक योग्य होत. परंतु ३२ हा किंवा ३,२०० हा निर्देशांक दिला तरी यंत्र विनातक्रार त्या पत्त्यावर जाते. तेथे दुसऱ्याच कोणत्या तरी उपयोगाची माहिती असते, आणि लेखन झाल्यास ती पुसली जाते. भाषेच्या प्रमाण व्याख्येनुसार अशा कृतीचा परिणाम अनिश्चित मानला आहे.

सरणीच्या मर्यादा तपासण्याची कल्पना सी भाषेपूर्वीचीच आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत एलियट कंपनीच्या संगणकासाठी अल्गॉल ६० या भाषेचा कंपायलर (उच्च स्तरीय भाषेतून यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली) तयार केला. त्यात प्रत्येक निर्देशांकाची तपासणी होत असे. वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय, असे विचारले असता ग्राहकांनी ती सोय नको असेच सांगितले. होर यांनी ही हकिकत १९८० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारतानाच्या व्याख्यानात सांगितली आणि नंतरच्या भाषाकारांनी हा धडा घेतला नाही, याबद्दल खंत व्यक्त केली. पुढे २ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मॉरिस वर्म’ ही स्वप्रसारी आज्ञावली इंटरनेटवर पसरली. तिने वापरलेल्या मार्गांपैकी एक मार्ग ५१२ बाइटांच्या सरणीत त्याहून लांब मजकूर घालण्याचा होता. आलेली ओळ कितीही लांब असली, तरी ती तशीच उतरवून घेणारे ‘गेट्स’ हे सी भाषेतील फलन (फंक्शन) त्यास कारणीभूत होते. ते भाषेच्या प्रमाण व्याख्येतून २०११ मध्ये वगळण्यात आले.

बिनतारी चालकाचे कार्य : वाय-फायचे तांत्रिक प्रमाण आयईईई ८०२.११ या नावाने ओळखले जाते. त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार माहिती फ्रेम नावाच्या गठ्ठ्यांतून पाठविली जाते. राउटर आपले अस्तित्व जाहीर करण्यासाठी सामान्यतः सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘बीकन’ फ्रेम प्रक्षेपित करतो. तीत जाळ्याचे नाव, वेग, वाहिनी इ. तपशील एकापुढे एक अशा माहिती-खंडांच्या रूपात असतात. प्रत्येक खंडाचा पहिला बाइट प्रकार सांगतो, दुसरा बाइट पुढील मजकुराची लांबी सांगतो आणि त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर येतो. लांबीसाठी एकच बाइट असल्याने ती ० ते २५५ यांपैकी काहीही असू शकते.

धोक्याचे बीज या रचनेतच आहे. जाळ्याचे नाव कमाल ३२ बाइटांचे असावे, असे प्रमाणात सांगितले आहे. पण लांबीच्या बाइटात २५५ लिहिण्यापासून पाठविणाऱ्यास कोणी अडवू शकत नाही. चालकाने नावासाठी ३२ बाइटांची सरणी राखली आणि फ्रेममध्ये लिहिलेल्या लांबीवर विश्वास ठेवून मजकूर तीत उतरवला, तर २२३ बाइट सरणीबाहेर लिहिले जातील. शिवाय बीकन फ्रेम स्वीकारण्यासाठी त्या जाळ्याला जोडलेले असावे लागत नाही. आसपास कोणती जाळी आहेत हे पाहण्यासाठी यंत्र त्या आपोआप ऐकत असते. म्हणून वापरणाऱ्याने काहीही न करता, कोणतेही बटन न दाबता, दोष उघडा पडू शकतो. हवेतून येणाऱ्या फ्रेमबरोबरच वाय-फाय संचातील अंतर्गत आज्ञावलीकडून (फर्मवेअरकडून) येणारे क्रमांक आणि वापरकर्त्याच्या आज्ञावलींकडून येणाऱ्या मागण्या यांतील लांबी व निर्देशांकही चालकाने तपासूनच वापरावे लागतात.

दोषांची उदाहरणे : अशा दोषांचे सर्वांत सरळ उदाहरण २००६ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. विंडोज प्रणालीसाठीच्या, ब्रॉडकॉम संचाच्या एका चालकात जाळ्याचे नाव प्रमाणाबाहेर लांब असलेली फ्रेम आली, की स्टॅकवरील सरणी ओसंडत असे. फलनाचे काम संपल्यावर कोठे परतायचे, तो पत्ताही स्टॅकवरच असतो. तो बदलता आल्यास पुढे कोणत्या आज्ञा चालाव्यात, हे हल्लेखोर ठरवू शकतो. नेमकी हीच लांबी तपासण्याचे राहून गेल्याचा प्रकार लिनक्स गाभ्यातही २०१९ मध्ये आढळला (सीव्हीई-२०१९-१७१३३). तेथे बीकन वाचण्याच्या जागी नव्हे, तर जोडलेल्या जाळ्याचे नाव जुन्या पद्धतीने विचारणाऱ्या आज्ञावलीस उत्तर देण्याच्या जागी ही चूक होती. एकाच लांबीची तपासणी ती लांबी वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पोहोचली पाहिजे, हे त्यावरून दिसते.

दुसरा प्रकार अपुऱ्या तपासणीचा होय. लिनक्समधील रिअलटेक संचांच्या चालकात त्याच वर्षी सापडलेला दोष (सीव्हीई-२०१९-१७६६६) या प्रकारचा आहे. दोन यंत्रे राउटरविना परस्परांशी जोडली जातात, तेव्हा एक यंत्र आपण केव्हा झोपेत असू याचे वेळापत्रक दुसऱ्यास कळविते. त्यातील प्रत्येक नोंद १३ बाइटांची असते. चालक एकूण लांबीतून २ वजा करून येणाऱ्या संख्येस १३ ने निःशेष भाग जातो की नाही हे पाहात असे आणि भागाकार हीच नोंदींची संख्या मानत असे. मात्र नोंदी साठविण्याच्या सरण्या केवळ दोन पदांच्या होत्या. मजकूर सुघटित आहे की नाही हे पाहिले गेले. पण तो मावेल की नाही हे पाहिले गेले नाही. दुरुस्ती म्हणून नोंदींची संख्या दोनपेक्षा अधिक आल्यास ती दोनच धरावी, अशी अट घालण्यात आली.

तिसरा प्रकार अंकगणिताचा असून तो अधिक फसवा आहे. एकाच राउटरने अनेक जाळ्यांची माहिती एका बीकनमध्ये देण्याची सोय लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीत (२०१९) आली. तीत माहिती-खंडाची एकूण लांबी काढण्यासाठी लांबीच्या बाइटात प्रकार व लांबी यांचे २ बाइट मिळविले जात. ही बेरीज ठेवण्यासाठी योजलेले चलही आठ बिटांचेच होते. आठ बिटांत २५५ पर्यंतच संख्या मावते. म्हणून २५४ अधिक २ यांची बेरीज २५६ न येता ० येई आणि २५५ अधिक २ यांची बेरीज १ येई. परिणामी पुढील गणित चुकून राखलेल्या जागेपेक्षा २५६ बाइट जास्त उतरवले जात. जर्मनीतील डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातील संशोधनातून हा दोष उघडकीस आला आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच भागातील इतर काही दोषांबरोबर, तो दुरुस्त झाला (सीव्हीई-२०२२-४१६७४). बेरजेसाठी मोठ्या आकाराचे चल घेणे, एवढाच त्यावरील उपाय होता. वाचणाऱ्याच्या नजरेला ती ओळ निर्दोषच वाटते. केवळ लक्षपूर्वक वाचन करून असे सर्व दोष सापडतील, अशी अपेक्षा त्यामुळे करता येत नाही.

उपाययोजना : या दोषांवरील उपायांचा क्रम पाहिल्यास लांबी लक्षात ठेवण्याचे काम माणसाकडून हळूहळू यंत्राकडे सोपविले गेल्याचे दिसून येते.

(१) स्पष्ट तपासणी : सरणीचा वापर करण्यापूर्वी निर्देशांक किंवा लांबी यांची कमाल मर्यादेशी तुलना करणे, हा मूळ उपाय होय. ही मर्यादा आकड्यात न लिहिता सरणीवरूनच काढावी, असा संकेत आहे. म्हणजे उद्या सरणीचा आकार बदलला, तरी तपासणी खरी राहते. वजाबाकी व बेरीज करताना मूल्य शून्याखाली किंवा चलाच्या क्षमतेबाहेर जात नाही, हेही पाहावे लागते.

(२) सामायिक फलने : माहिती-खंड एकामागून एक वाचण्याचे काम प्रत्येक चालकाने आपल्या परीने केल्यास चुकांच्या जागाही तितक्याच होतात. म्हणून लिनक्सच्या बिनतारी विभागात २०१९ पासून यासाठी सामायिक साधन देण्यात आले. उरलेल्या फ्रेममध्ये खंडाचे पहिले दोन बाइट व सांगितलेली लांबी मावते किंवा नाही, हे ते साधन प्रत्येक पावलावर पाहते. मात्र त्याने केवळ फ्रेमबाहेरचे वाचन थांबते. खंडातील मजकूर ज्या सरणीत उतरवायचा, तिची मर्यादा वेगळी पाहावीच लागते.

(३) उतारा-फलनांचे कडे : मजकूर एका जागेतून दुसऱ्या जागी उतरवणाऱ्या ‘मेमकॉपी’ इ. फलनांभोवती तपासणीचे कडे घालण्याची ‘फॉर्टिफाय सोर्स’ ही पद्धती लिनक्स गाभ्यात २०१७ मध्ये (आवृत्ती ४.१३) आली. गंतव्य सरणीचा आकार कंपायलरला ठाऊक असेल, तर आज्ञावली बनतानाच किंवा चालताना ती तुलना करता येते. पुढे ही तपासणी संपूर्ण संरचनेऐवजी तिच्यातील प्रत्येक क्षेत्रापुरती कडक करण्यात आली, तेव्हा एक अडचण आली. ८०२.११ च्या शीर्षभागात सहा-सहा बाइटांचे तीन पत्ते लागोपाठ असतात. पहिल्या पत्त्यापासून सुरुवात करून १८ बाइट एकदम उतरवण्याची रीत सोयीची आहे. परंतु कंपायलरच्या दृष्टीने ती सहा बाइटांच्या सरणीबाहेर जाणारी ठरते. म्हणून या तीन क्षेत्रांना मिळून एक सामूहिक नाव देण्याची योजना करण्यात आली. लिहिणाऱ्याच्या मनातील हेतू अशा रीतीने आज्ञावलीत नोंदला गेला.

(४) लवचिक सरणी : चालकांत अनेकदा अशी संरचना लागते, की जिच्या आरंभी ठरावीक क्षेत्रे व शेवटी आयत्या वेळी ठरणाऱ्या लांबीची सरणी असते. जुन्या सी भाषेत यासाठी अखेरची सरणी एका पदाची किंवा शून्य पदांची दाखवून प्रत्यक्षात अधिक स्मृती घेत असत. १९९९ च्या प्रमाण व्याख्येत कंसात लांबी न लिहिता अशी सरणी घोषित करण्याची अधिकृत सोय झाली. हीच लवचिक सरणी होय. तरीही जुनी रीत सर्वत्र रूढ असल्यामुळे कंपायलर संरचनेच्या अखेरची कोणतीही सरणी, अगदी ३२ पदांची म्हणून लिहिलेली असली तरी, लवचिकच असावी असे मानून तिची तपासणी सोडून देत. लिनक्स गाभ्यातील अशा जुन्या सरण्या शोधून त्या लवचिक सरणीत बदलण्याचे काम केस कुक, गुस्ताव्हो सिल्व्हा इ. तंत्रज्ञांनी अनेक वर्षे चालविले. त्यानंतर २०२३ मध्ये (आवृत्ती ६.५) लांबी न लिहिलेली सरणी तेवढीच लवचिक मानावी, असा आदेश कंपायलरला देता आला. संरचनेसाठी किती स्मृती लागेल, हे काढणारे साधन २०१८ पासून उपलब्ध आहे. गुणाकार क्षमतेबाहेर गेल्यास ते लहान, चुकीचे उत्तर देण्याऐवजी शक्य तेवढी कमाल संख्या देते आणि त्यामुळे स्मृतीची मागणीच नाकारली जाते.

(५) गणकाशी जोडणी : एवढे होऊनही लवचिक सरणीची लांबी कंपायलरला अज्ञातच राहते. वस्तुतः ती त्याच संरचनेतील दुसऱ्या एखाद्या क्षेत्रात नोंदलेली असते; पण त्या दोहोंचा संबंध केवळ लिहिणाऱ्यास ठाऊक असतो. ‘काउंटेड बाय’ ही खूण हा संबंध उघड लिहून ठेवते : या सरणीची पदसंख्या त्या क्षेत्रात आहे. लिनक्स गाभ्यात ही खूण २०२३ पासून लावली जाऊ लागली. तिचा अर्थ लावून चालतेवेळी तपासणी करण्याची क्षमता क्लँग या कंपायलरच्या १८ व्या (२०२४) व जीसीसीच्या १५ व्या (२०२५) आवृत्तीत आली. सरणी आपली लांबी बाळगत नाही, हे सी भाषेचे मूळ न्यून अशा रीतीने अंशतः भरून निघते.

या खुणेमुळे चालक लिहिण्याची शिस्तही बदलली. आसपासची जाळी शोधताना कोणत्या वाहिन्या ऐकायच्या, त्यांची यादी लिनक्समध्ये एका लवचिक सरणीत असते आणि वाहिन्यांची संख्या शेजारच्या क्षेत्रात असते. जुन्या आज्ञावलीत आधी यादी भरून नंतर संख्या लिहिली जाई. खूण लावल्यानंतर यादी भरतेवेळी संख्या अजून शून्यच असल्याने पहिलेच पद मर्यादेबाहेरचे ठरू लागले व २०२४ मध्ये तसे इशारे दिसू लागले. स्मृती पुरेशी घेतलेली होती व कोणतीही माहिती बिघडत नव्हती. तरी नोंदलेली लांबी व प्रत्यक्ष वापर यांत काही काळ विसंगती होती. संख्या आधी लिहावी आणि मगच सरणीस हात लावावा, असा क्रम त्या वेळी लावून घेण्यात आला.

मर्यादा व महत्त्व : प्रत्येक तपासणीस थोडा वेळ लागतो, परंतु आधुनिक कंपायलर अनावश्यक तपासण्या गाळतात. त्यामुळे पूर्वीइतका हा आक्षेप प्रबळ राहिलेला नाही. दोष आढळल्यावर काय करावे, हा प्रश्न अधिक कठीण आहे. केवळ इशारा नोंदवून काम चालू ठेवल्यास हल्ला साधू शकतो आणि यंत्र तेथेच थांबविल्यास सेवा बंद पडते. शिवाय गणकाच्या क्षेत्रातच चुकीची संख्या लिहिली गेली, तर तिच्यावर आधारलेली तपासणीही फसते. मर्यादा-तपासणी हा भाषेचाच भाग असलेल्या रस्ट या भाषेचा प्राथमिक आधार लिनक्स गाभ्यात २०२२ च्या डिसेंबरमध्ये (आवृत्ती ६.१) आला. तथापि सी भाषेतील चालकांचा साठा प्रचंड असून तो पुन्हा लिहिणे दीर्घकाळाचे काम आहे. म्हणून आहे ती भाषाच अधिक सुरक्षित करण्याचे प्रयत्न आवश्यक ठरतात.

अशा दोषाचा फायदा घेणारा हल्लेखोर बिनतारी लहरींच्या टप्प्यात, म्हणजे सामान्यतः काही दशक मीटरांच्या आत असावा लागतो. यावरून धोका मोठ्या शहरांपुरता आहे, असे वाटण्याचा संभव आहे. पण दोष चालकात असतो, गावात नसतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील मूलसारख्या तालुक्याच्या गावी कार्यालयातील किंवा दुकानातील राउटर त्याच चालकांवर चालतो. मूळ आज्ञावलीत झालेली दुरुस्ती त्या राउटरपर्यंत पोहोचण्यासाठी निर्मात्याने नवी आवृत्ती देणे व वापरणाऱ्याने ती बसविणे, या दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात. यांपैकी एक जरी राहिली, तरी दोष प्रसिद्ध झालेला आणि यंत्र मात्र जुनेच, अशी स्थिती वर्षानुवर्षे टिकते. दुरुस्ती मागाहून पोहोचविण्यापेक्षा आज्ञावली बनतानाच कंपायलरने चूक पकडणे अशा ठिकाणी अधिक मोलाचे ठरते. कारण यंत्र दुकानातून बाहेर पडताना जे संरक्षण त्यात असते, तेच बहुधा शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहते.